वरच्याचं पाणी

यंदा पाणी आलं नाही.

ऑक्टोबर अर्धा सरला, आर्डेल टेस्मरच्या मळ्यातल्या क्रॅनबेऱ्या लालभडक होऊन वेलींवर बसल्या, आणि पाटात बेडूक भिजेल एवढंही पाणी नाही. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन तो पाट मळ्यात शिरतो तिथल्या मोरीपर्यंत जायचा, वाकून बघायचा, आणि "आहे तरी काय त्याच्या मनात?" असं पुटपुटत परत यायचा. त्याच्या म्हणजे वरच्याच्या. वरचा म्हणजे देव नव्हे हं, देवाशी आर्डेलचं बरं चाललं होतं. वरचा म्हणजे पाटाच्या वरच्या अंगाला ज्याचा मळा आहे तो, वर्लिन टेस्मर. आर्डेलचा सख्खा थोरला भाऊ.

क्रॅनबेरीला खरं पाणी लागतं ते काढणीला. वाफे गुडघाभर भरायचे, यंत्र फिरवून वेली झोडायच्या, बेऱ्या सुटून वर तरंगतात, मग त्यांना वेढा घालून एका कोपऱ्यात ओढत न्यायचं. वरच्याची काढणी उरकली की तो पाटाच्या तोंडाशी दारात घातलेल्या फळ्या उपसतो आणि तेच पाणी पाटानं खालच्याकडे उतरतं. बापानं दोन पोरांना जमीन वाटून दिली, वाफे वाटले, ट्रॅक्टरसुद्धा वाटले. पाणी तेवढं वाटता आलं नाही. विस्कॉन्सिनच्या या भागात असे कितीतरी वरचे आणि खालचे आहेत, आणि त्यांच्यातले निम्मे एकमेकांवर डोळे वटारून असतात. पण सख्ख्या भावांनी वटारावेत असं या दोघांचंच.

झालं होतं ते असं. एका वसंतात अवकाळी कडाक्याची थंडी पडली. पाण्याखाली गेले की कळे गोठत नाहीत, म्हणून दोघांनाही पाणी हवं होतं. वर्लिननं आपले वाफे भिजवले आणि खालच्याकडे पाणी पोहोचेस्तोवर आर्डेलचे कळे काळे पडले होते. वर्षाचं पीक गेलं. वर्लिन म्हणाला, "फळी फुगून अडकली होती रे, माझ्या एकट्यानं निघेना." आर्डेल म्हणाला, "फळी नाही, दानत अडकली होती तुझी." आणि हे म्हणाला कुठं, तर शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात, अख्ख्या गावासमोर. वर त्यानं जोडून दिलं, "आजपासून हा माझा भाऊ नाही. नुसता वरचा."

त्या दिवसापासून बोलणं बंद. माणसाचा हट्ट किती टिकावा? हा टिकला. मुलं मोठी होऊन गावाबाहेर गेली, दोघांचे केस गेले, तरी टिकला.

पाणी मात्र दर वर्षी यायचं. वर्लिनची काढणी संपली की दुसऱ्या दिवशी पाट भरून वाहायला लागायचा, आणि पाण्याच्या पहिल्या लोंढ्यावर मूठभर बेऱ्या तरंगत यायच्या. ही त्यांच्या बापाची पद्धत. वरच्या दारात उभं राहून मूठभर फळ पाण्यात टाकायचं, म्हणजे खालच्याला कळतं की हे पाणी पावसाचं नाही, हे सोडलेलं आहे, आता दारं धरायला हरकत नाही. आर्डेलची बायको मार्लिस मोरीवर उभी राहून म्हणायची, "बघ, भावानं निरोप धाडला."

"निरोप कसला डोंबलाचा. सांडल्यात त्याच्या वाफ्यातनं."

"दर वर्षी? बरोब्बर मूठभर?"

"तू माझी बायको आहेस की त्याची वकील?"

मार्लिस जाऊन दोन हिवाळे झाले. तिच्या अंत्यविधीला वर्लिन आला होता, मागच्या बाकाशी उभा होता. आर्डेलनं त्याला पाहिलं आणि मान फिरवली. आता घरात वाद घालायलाही कुणी नाही. आर्डेल अजून दोघांपुरती कॉफी करतो, अर्धी पितो, आणि उरलेली सिंकमध्ये ओतताना कुणी बघत नाहीये ना म्हणून खिडकीकडे बघतो. बघणार कोण?

गावातल्यांना त्यानं चांगलं वळण लावलं होतं. त्याच्यापुढे वर्लिनचं नाव निघालं की तो टोपी उचलून चालू पडायचा. लोकही शेवटी कंटाळले. कॉफीच्या टेबलावर आर्डेल आला की तो विषय आपोआप बंद. वर्लिनची मुलगी जोलीन या उन्हाळ्यात कितीदा तरी फोन करत होती, पण "काका, मी जोलीन" एवढं ऐकलं की आर्डेल फोन ठेवून द्यायचा. वरच्याकडचा फोन घ्यायचा नाही म्हणजे नाही.

आणि आता पाणी नाही. वरच्याची काढणी संपलेली तो बांधावरून डोळ्यांनी बघत होता. आठवडाभरात बर्फाळ थंडी येणार असं रेडिओ सांगत होता. आली की वेलींवरच्या बेऱ्या गेल्या. ते एक जाऊ दे. पण पाणी हीच एक गोष्ट त्या दोघांमध्ये अजून येत-जात होती. तीही थांबली? हे आर्डेलच्या जिवाला फार लागलं होतं, पण कबूल कोण करतो.

जायचं तर कसं जायचं? "माझा भाऊ नाही" म्हटलेल्या माणसाच्या दारात नाक मुठीत धरून उभं राहायचं?

त्याला वाट दाखवली ती एका पाटीनं. त्याच्या फाट्यावर दर शरदात एक पाटी लागते, तीवर गोल लाल बेरी आणि एक बाण. लोक आपापल्या गाड्या घेऊन, नकाशा बघत, बाणाबाणानं मळ्यामळ्यांतून फिरतात, थांब्यांवर थांबतात, फोटो काढतात, बेऱ्यांचा केक खातात आणि घरी जातात. सगळ्यात शेवटचा थांबा म्हणजे वर्लिनचा मळा. आर्डेल पाटीकडे बघतच राहिला. फिरायला आलेला माणूस कुणाच्याही मळ्यात जाऊ शकतो. तो कुणाकडे काही मागायला जात नसतो. तो फिरायला आलेला असतो!

गावात पर्यटकांच्या टेबलामागे लॉइस बसलेली होती. ती शाळेत आर्डेलच्या एक वर्ष पुढे होती आणि ते ती अजून विसरली नव्हती.

"एक नकाशा दे," आर्डेल म्हणाला.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. फिरायला चाललोय."

लॉइसनं चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू? क्रॅनबेऱ्या बघायला? अरे, तुझ्या बुटालाच दोन चिकटल्यात."

"शिकागोची माणसं आली की त्यांना हसून नकाशे देतेस. मी मागितला तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"दुखत नाही रे बाबा. घे." तिनं नकाशा सरकवला, पण हात त्यावरच ठेवला. "शेवटच्या थांब्यापर्यंत जाणार आहेस? आर्डेल, वर्लिनचं तुला कळलं असेलच, तो—"

"मी नकाशा मागितला, बातम्या नाही."

लॉइसनं हात उचलला. "जा मग. बाणाबाणानं जा," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

पिकअपमध्ये बसून आर्डेलनं नकाशा मांडीवर पसरला. तांबडी रेघ वळणं घेत सगळ्या मळ्यांना शिवत होती. त्यानं आपलं घर शोधलं. जिथं त्याचा मळा, त्याची मोरी, मार्लिसनं लावलेली लायलॅकची झुडपं असायला हवी होती, तिथं आइस्क्रीमच्या दुकानाची जाहिरात छापली होती. एक मोठा कोन, त्यावर गुलाबी गोळा. घ्या! इतकी वर्षं आपण आइस्क्रीमखाली राहतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सरळ गेलं असतं तर वर्लिनचा मळा दहा मिनिटांवर होता. पण सरळ जाणारा माणूस फिरायला आलेला नसतो. आर्डेल पहिल्या थांब्याकडे वळला.

सकाळभर तो असा फिरला. ऊन सुरेख पडलं होतं, झाडं पिवळीधमक झाली होती, आणि बांधांच्या मधे पाण्यानं भरलेले वाफे लाल दिसत होते. हे सगळं त्यानं जन्मभर पाहिलं होतं, पण बिनकामाचं कधी पाहिलं नव्हतं. बिनकामाचं बघायला डोळ्यांना वेळ लागतो. समोरून गाडी आली की इथला माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, झाला नमस्कार. आर्डेल सवयीनं बोट उचलत राहिला. समोरून येणाऱ्या गाड्या सगळ्या बाहेरच्या. एकानंही बोट उचललं नाही. दुपार होईतो त्यानं बोट उचलणं सोडून दिलं, आणि मग तर त्याला फारच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

एका थांब्यावर शिकागोहून आलेले तरुण नवरा-बायको होते. बायकोनं त्याच्या हातात फोन दिला. "आमचा एक फोटो काढता का, प्लीज?" आर्डेलनं काढला. मागे गुडघाभर पाण्यात माणसं बेऱ्या ओढत होती. त्यातला एक त्याला ओळखत होता. त्यानं हात वर केला आणि मग, हा इकडे पर्यटकांत काय करतोय, अशा विचारानं तो हात तसाच वर राहिला. आर्डेलनं पाठ केली.

"आता तुमचा काढू या," मुलगी म्हणाली. "एकटेच आहात?"

"हो. नको, माझा कशाला."

"असं कसं? एवढ्या लांबून आलात ना!"

उभं राहावं लागलं. दुसऱ्याच्या मळ्यापुढे, हात कुठं ठेवावेत ते न कळून, आर्डेल टेस्मर फोटोसाठी हसला. मुलगी म्हणाली, नंबर द्या, पाठवते. आर्डेलकडे तसला फोन नव्हता. "राहू दे तुमच्याचकडे," तो म्हणाला. ती दोघं निघून गेली आणि तो फोटोही त्यांच्याबरोबर शिकागोला गेला. मार्लिस गेल्यापासून त्याचा हा पहिलाच फोटो होता.

दुपार कलंडताना तो शेवटच्या बाणापाशी पोहोचला.  वाटेत त्यानं एकच वाक्य घोकलं होतं, "पाणी का अडवलंस?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. तेवढं विचारायचं आणि उत्तर घेऊन निघायचं.

वर्लिनच्या फाटकाशी एक बस उभी होती. बसमधली माणसं बेऱ्या धुण्याच्या शेडकडे गेलेली दिसत होती. फाटकाच्या आत लाकडी टेबल, टेबलावर बेऱ्यांची टोपली, आणि टेबलामागे खुर्चीत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि डोक्यावर तीच जुनी हिरवी टोपी घालून, वर्लिन. किती वाळला होता! टोपी कानांपर्यंत खाली आली होती. आर्डेल नकाशा हातात धरून पिकअपमधून उतरला आणि तोंड उघडणार, तोच वर्लिन बोलला.

"या, या! कुठनं आलात?"

आर्डेलनं वळून मागं दुसरं कुणी आलंय का बघितलं. आलात? मग त्याच्या लक्षात आलं. अस्सं! हा थोरला पहिल्यापासून नकल्या. लहानपणी खळ्यात दुकान दुकान खेळताना धाकट्याला "बोला शेठ, काय देऊ?" म्हणून हैराण करायचा. त्यानं हातातला नकाशा बघितला असणार. तू पर्यटक ना, मग हो पर्यटक. आर्डेलला एकदम हायसं वाटलं. असं बोलता येत असेल तर बरंच की. भावाभावांनी बोलायचं म्हणजे सगळं उकरावं लागतं. पाहुण्याला कसली आलीय उकराउकरी.

"आलोय असाच," आर्डेल म्हणाला. "खालनं."

"खालनं म्हणजे दक्षिणेकडनं, इलिनॉयचे का? तरीच म्हटलं, गाडी इतकी वाकडी कुणी लावली."

"गाडी सरळच आहे."

"इलिनॉयच्या मानानं सरळ आहे, मान्य!" वर्लिन खुशीत हसला. "एकटेच आलात? मंडळींना नाही आणलं?"

आर्डेलनं नकाशाची घडी घातली. "मंडळी वारली," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले."

वर्लिननं टोपी काढली. छातीशी धरली. "वाईट झालं हो," तो म्हणाला. "फार वाईट झालं. घर खायला उठतं, नाही?"

"उठतं," आर्डेल म्हणाला. त्या मागच्या बाकाशी उभं राहून जे बोलायचं राहिलं होतं ते भावानं आज असं बोलून टाकलं, असं त्याला वाटलं. शहाणा माणूस. पहिल्यापासून शहाणा. गाढव आपणच.

वर्लिननं टोपी घातली आणि टोपलीतली एक बेरी उचलली. "हे बघा आता. चांगली बेरी कशी ओळखायची? आपटायची." त्यानं ती टेबलावर आपटली, ती टुणकन उडाली, आणि आर्डेलनं डोळ्याचं पातं लवायच्या आत झेलली. बापानं दोघांनाही असंच शिकवलं होतं. एकानं आपटायची, दुसऱ्यानं झेलायची.

"वा!" वर्लिन म्हणाला. "हात चांगला आहे हो तुमचा. माझा भाऊ अशी झेलायचा."

"अजून झेलतो," आर्डेल म्हणाला. त्याला आता हा खेळ आवडायला लागला होता. त्यानं पाटाकडे बोट केलं. "हे पाणी, काढणी झाली की कुठं जातं?"

"खाली. तिकडं माझ्या धाकट्याचा मळा आहे. आर्डेलचा."

किती वर्षांनी भावाच्या तोंडून ते नाव निघालं होतं.

"मग सोडलेलं दिसत नाही अजून."

"नाही सोडलं." वर्लिननं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही बाहेरचे, तुम्हाला सांगायला हरकत नाही. तो रुसलाय माझ्यावर. कशावरनं ते... काहीतरी झालं होतं. पाणी त्याला आयतं मिळतं ना, मग येतोय कशाला? म्हणून यंदा मी ठरवलं, फळ्या काढायच्याच नाहीत. पाणी नाही म्हटल्यावर येईल झक मारत. शिव्या देत येईल, बोंबा मारत येईल. येऊ दे! शिव्या तर शिव्या. येईल तर खरा."

आर्डेलला पुढं खेळणं जमेना. त्यानं नकाशा टेबलावर ठेवला.

"आलो ना मग," तो म्हणाला. "वर्लिन, आलोय की मी."

"आलात, फार बरं केलंत," वर्लिन म्हणाला. "थांबा थोडे. भाऊ आला की तुमची ओळख करून देतो."

"पुरे आता, वर्लिन."

"आं?"

"अरे, पुरे! नाटक पुरे झालं. मी हरलो, झालं समाधान? आता तरी तू म्हण मला!"

वर्लिनच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. तो खुर्चीत मागे सरकला. त्याचे डोळे आर्डेलच्या चेहऱ्यावर इकडून तिकडे फिरले आणि कुठंच थांबले नाहीत. "माझं काही चुकलं का हो?" तो घाबरून म्हणाला. "जोलीन! जोलीन, हे पाहुणे रागावलेत बघ."

जोलीन शेडकडून धावत आली. आर्डेलला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. "काका?" ती म्हणाली. मग बापाच्या खांद्यावर हात ठेवून, "कुणी रागावलं नाही बाबा, तुम्ही बेऱ्या निवडा," असं म्हणून तिनं आर्डेलला बाजूला नेलं.

"कधीपासून?" आर्डेलनं विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. आधी नावं गेली, मग माणसं. मला ओळखतात, अजून तरी. काका, मी तुम्हाला किती फोन केले! तेव्हा त्यांना चांगले दिवस असायचे अधनंमधनं. रोज विचारायचे, आर्डेल आला का? तुम्ही माझं नाव ऐकलं की ठेवून द्यायचात."

आर्डेलनं टोपी काढून हातात धरली. 

"पाण्याचं म्हणाल तर मी दोनदा फळ्या काढायला गेले. ते दारावर जाऊन बसले, लहान मुलासारखे रडायला लागले. आर्डेल आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणतात. आज ही बस गेली, त्यांना झोप लागली, की गडी घेऊन काढणारच होते मी. तुमचं पीक मी जाऊ देणार नव्हते."

"पीक मरू दे गं," आर्डेल म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "मला त्यानं ओळखावं कसं, ते सांग."

जोलीननं मान हलवली. "तुम्ही गाडीनं आलात, काका, नकाशा घेऊन. गाडीनं येतात ती सगळी त्यांना पाहुणीच. ते तुमची वाट बघतात ती तिकडं," तिनं बांधाकडे बोट केलं. "खालनं चालत येणार म्हणतात. आकडा घेऊन."

आर्डेल नकाशा तिथंच टाकून निघाला. पिकअप घेऊन घरी गेला, शेडमधून फळ्या उपसायचा लोखंडी आकडा काढला, आणि पाटाच्या बांधानं वर चालायला लागला. लहानपणी याच बांधावरून तो धावत जायचा. आता गुडघे कुरकुरत होते, ऊन उतरत होतं, आणि कोरड्या पाटात त्याची सावली बरोबर चालत होती. मनात तो देवाला म्हणत होता, एकदा तू म्हणू दे. शिवी दिली तरी चालेल.

दारापाशी कुणी नव्हतं. पलीकडे पाणी काठोकाठ तुंबलं होतं. आर्डेलनं वरच्या फळीत आकडा अडकवला आणि ओढली. हलली नाही. पाय रोवून ओढली. दुसऱ्या टोकाला जाऊन ओढली, परत या टोकाला आला. एक टोक उचललं की दुसरं खाचेत घट्ट रुतायचं. फुगलेली फळी एकट्यानं निघेना. छाती भरून आली, हाताची सालं निघाली, फळी काही निघेना. आणि तेव्हा, आकड्यावर ओणवा होऊन, आर्डेल टेस्मरला कळलं की त्या वसंतात भाऊ खोटं बोलला नव्हता. कडाक्याच्या थंडीत तो इथं एकटाच असा धडपडला असणार. आपण त्याला काय म्हणालो? चर्चच्या तळघरात, सगळ्यांसमोर?

"अहो! अशी नाही निघायची ती."

वर्लिन बांधावर उभा होता. हातात त्याचा आकडा होता. मागे थोड्या अंतरावर जोलीन थांबली होती. आर्डेल सरळ झाला, त्यानं भावाकडे नीट तोंड केलं. उन्हात, जुन्या जागी, आकडा हातात. बघ रे, बघ.

वर्लिननं बघितलं. कपाळाला आठी पडली. ओठ हलले. मग तो फळीच्या उजव्या टोकाशी गेला, कारण वरचा नेहमी उजवीकडे, आणि न बोलता आकडा अडकवून वाकला. आर्डेल डावीकडे वाकला.

"हो—" वर्लिन म्हणाला.

"—आता!" आर्डेल म्हणाला.

फळी एका दमात सुटली. दुसरी निघाली, तिसरी निघाली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एक वाकला की दुसरा वाकत होता, एकानं श्वास घेतला की दुसरा घेत होता. पाणी गरजत पाटात कोसळलं. तळाची फळी दोघांनी ठेवली, बाप ठेवायचा तशी. वर्लिननं कमरेवर हात ठेवून पाण्याकडे पाहिलं आणि समाधानानं नाक ओढलं. मग कोटाच्या खिशात हात घालून मूठभर बेऱ्या काढल्या आणि पाण्यात टाकल्या. लाल ठिपके गरगर फिरले आणि खाली निघाले.

"हे कशाला?" आर्डेलनं विचारलं. 

"भावासाठी," वर्लिन म्हणाला. "दर वर्षी टाकतो. त्याला कळतं." आणि मग त्याच्याकडे वळून, टोपीला हात लावून, "फार उपकार झाले हो तुमचे. एकट्यानं निघत नाहीत या. तो आज येईल असं वाटलं होतं, पण नाही आला. तुम्ही खालीच चाललात ना?"

"हो."

"मग वाटेत त्याचं घर लागेल. पांढरं आहे. तेवढा निरोप द्याल? म्हणावं, वर्लिननं पाणी सोडलंय."

"देतो," आर्डेल म्हणाला.

"विसरणार नाही ना?"

"नाही विसरणार."

जोलीन पुढे आली आणि बापाचा हात धरून त्याला घराकडे घेऊन गेली. वर्लिन जाताजाता तिला सांगत होता, "चांगला माणूस आहे गं. इलिनॉयचा असून चांगला आहे."

आर्डेल बांधावरून खाली निघाला. पाण्याचं तोंड त्याच्या पुढंमागं चालत होतं, कुठं खड्ड्यात थांबायचं, भरायचं, पुन्हा निघायचं. बेऱ्या कधी त्याच्या पुढे जायच्या, कधी मागे राहायच्या. त्यानं त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. मोरीपाशी पोहोचला तेव्हा त्या नुकत्याच येऊन मोरीच्या लाकडाला टेकल्या होत्या. तो वाकला, एकेक करून त्यानं त्या सगळ्या उचलल्या आणि टोपीत घेतल्या.

मग तो घरात गेला. स्वयंपाकघरात सकाळची कॉफी तशीच होती. मार्लिसच्या खुर्चीवर, मग आपल्या खुर्चीवर त्याची नजर गेली. दोन्ही रिकाम्या. शब्द दिला होता, तो पाळायला हवा. आर्डेलनं बेऱ्यांची टोपी आपल्या जागी टेबलावर ठेवली, खुर्चीसमोर उभा राहिला, आणि थोरल्याच्या आवाजात, जसा तो लहानपणी हाक मारायचा तसा, मोठ्यानं म्हणाला,

"आर्डेल, ए आर्डेल, पाणी सोडलंय रे."

मग खुर्ची ओढून तो बसला, आणि बराच वेळ तिथंच बसून राहिला. बाहेर वाफे भरत होते.